मायसाठी मांडलेली शोकेस

आमच्या दुकानाच्या शोकेसमध्ये मेलेल्या माणसांचे फोटो असायचे. जिवंत माणसांचे आतल्या भिंतीला, देवांचे बाहेर पाटीखाली आणि गेलेल्यांचे काचेच्या शोकेसमध्ये, असा अण्णांचा नेम होता. अण्णा म्हणजे माझे वडील. राजूरला गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. चतुर्थीला आलेली माणसं गणपतीची फ्रेम घेऊन जायची, त्यावर आमचं घर चालायचं. बाकीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतले लोक तेरवीसाठी फोटो मढवायला आणायचे. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला फोटो असायचा, त्यात शेजारच्याचा अर्धा खांदा राहून गेलेला. अण्णा तो मोठा करायला जालन्याला पाठवायचे, आल्यावर काळी पट्टी लावून मढवायचे आणि घरची माणसं न्यायला येईपर्यंत शोकेसमध्ये उभा ठेवायचे. येणारेजाणारे काचेपाशी थांबून कोण गेलं ते बघायचे. बसमधून उतरलेला माणूस आधी आमच्या शोकेसकडं मान वळवायचा, मग देवळाकडं. एखादीला ओळखीचा चेहरा दिसला की ती "अगं बाई गं" करून तिथंच खाली बसायची आणि मी तिला पाणी नेऊन द्यायचे. लहानपणापासून हेच बघितलेलं, त्यामुळं मला त्यात काही वाटायचं नाही.

मायला लकवा झाला तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरीच होते. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं साल असंल. सकाळी भाकरी थापता थापता ती एका अंगावर कलंडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं बंद. जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं बरेच दिवस राहिलो, मग घरी घेऊन जा म्हणाले. निघताना डॉक्टरनं औषधं समजावून सांगितली आणि वळता वळता म्हणाला, "मन प्रसन्न राहू द्या त्यांचं, हसतं-खेळतं ठेवा." डॉक्टर लोक म्हणतात तसं तो म्हणाला. पण अण्णांनी बाकीचं सगळं सोडून तेवढंच धरलं. राजूरपर्यंत बसमध्ये माझ्या मागं लागले, "ती हसली की तोंड सरळ होईल, आन् तोंड सरळ झालं की बोलंल. बराबर हाय का न्हाई?" मी म्हणलं, "आधी गोळ्या कुठल्या पिशवीत ठेवल्या ते बघा."

माय म्हणजे आमच्या गल्लीची आकाशवाणी होती. घर दुकानाच्या बराबर समोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. दुकानात गिऱ्हाईक आलं की अण्णा मुके. बोलणं सगळं मायचं, तेही या बाजूनं, चुलीपुढं बसून. "सासऱ्याला सोनेरी पट्टी कशाला, जल्मभर कुणाला हसून बोलला का तो?" असं ती तिथून ओरडायची आणि गिऱ्हाईकही हसायचं. स्वतः हसायला लागली की पदराचा बोळा तोंडात धरायची, तरी आवाज फुटायचाच, आणि डोळ्यांतून धारा लागायच्या. अशी बाई मुकी होऊन बाजेवर पडली. नुसती आढ्याकडं बघायची. अण्णा तिच्याजवळ जाऊन बसायचे, "अगं, ऐकलं का" म्हणायचे आणि तिथंच त्यांचं संपायचं, कारण आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडं होतं.

एके दिवशी मी राख टाकायला बाहेर आले आणि बघते तर शोकेस रिकामी. गेलेली माणसं अण्णांनी आत नेऊन जिवंतांच्या रांगेत लावली होती. त्यावरून पुढं भांडणं झाली. एक पाटील तर म्हणाला, "आमचा बाप काय नवरदेव हाय का, त्या पोरींच्या फोटोशेजारी लटकावला?" अण्णांनी ऐकून घेतलं आणि फोटो तिथंच ठेवला. शोकेसमध्ये त्यांनी एक कोंबडी बसवली होती. सरकीसकट कापसाची कोंबडी, तिला मोडक्या लाल कंगव्याचा तुरा, पुढं हळदीत रंगवलेल्या रिठ्यांची पिल्लं. खाली सायकलच्या तारा आणि रिळं. एक दोरा शोकेसमधून निघून गल्लीवरून आमच्या दाराच्या चौकटीपर्यंत आला होता. तो ओढला की कोंबडी मान खाली घालायची आणि पिल्लं ज्वारी टिपायची. जन्मात या माणसानं चौकोनाशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

बाज दाराशी ओढली, मायला उशा लावून बसतं केलं आणि दोऱ्याचं टोक तिच्या चांगल्या हाताच्या बोटाला बांधलं. "ओढ," अण्णा म्हणाले. मायनं ओढलं नाही. मग त्यांनीच तिचं बोट धरून ओढलं. कोंबडीनं मान घातली, गल्लीतली पोरं किंचाळली, शेजारची चुडीवाली भाभी दुकान सोडून पळत आली. माय भिंतीकडं बघावं तशी कोंबडीकडं बघत होती. अण्णा म्हणाले, "पहिलाच दिवस हाय."

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. तेलाच्या डब्याची एस.टी. बस केली आणि तिच्यात कांदे बसवले. प्रत्येक कांद्याला डोळे, मिशा, एकाला कुंकू. कंडक्टर हिरवी मिरची. टपावर वांग्याची म्हैस. आठवड्यात कांद्यांना कोंब फुटले आणि सगळ्या प्रवाशांच्या डोक्यावर शेंड्या उभ्या राहिल्या. ते बघायला लोक देवळातून वाकडी वाट करून यायचे. मग शेंगांच्या टरफलांची पंगत. सोड्याच्या बाटल्यांची बुचं म्हणजे ताटं, आणि शेवटच्या टरफलाचा हात सारखा वर व्हायचा, अजून वाढा, अजून वाढा. भाभीनं फुटक्या बांगड्यांची टोपलीच अण्णांना देऊन टाकली, त्यातून त्यांनी पूर आलेली नदी केली आणि त्या नदीत एका चपलेवर बसून एक उंदीर चाललेला. दर वेळी आधी मायला सगळं समजावून सांगायचे. "बघ, हा कंडक्टर. तिखट हाय म्हणून मिरची केलाय. कळलं का?" सांगून झालं की तिच्या तोंडाकडं बघत बसायचे.

माझ्या डोक्यात तिडीक जायची. मला सांगा, घरात बाई अशी पडलेली, तिचं सगळं अंगाखालचं मी काढायची, तिला कूस मी बदलायची, भरवलेला भात तोंडाच्या वाकड्या बाजूनं बाहेर यायचा तो मी पुसायची, आणि हा माणूस समोर कांद्याला मिशा काढत बसलेला! गिऱ्हाइकांच्या फ्रेमा तशाच पडल्या होत्या. एकदा मी गल्लीच्या या बाजूनं, मायच्याच जागेवरून, मायसारखीच ओरडले, "तुमाला लाज वाटत न्हाई का? लोक जत्रा बघाया येऊन राह्यले आपल्या दारात!"

अण्णा तारेला पीळ देत होते. मान वर न करता म्हणाले, "काल तिचा डोळा हालला. तू चुलीकडं होतीस. मी बघितला."

मी आत गेले आणि पाट आपटला.

पंचमी आली. माय दरवर्षी पंचमीला माहेरी, टेंभुर्णीला जायची. मामा न्यायला यायचा. तिथं लिंबाला झोका बांधलेला असायचा आणि माझी एवढी मोठी आई पोरींना ढकलून त्याच्यावर चढायची. त्या वर्षी मामा येऊन तिच्या पायाशी बसला, डोळे पुसले आणि एकटाच परत गेला. तो गेल्यावर अण्णांनी तारेचा लिंब केला, त्याला खऱ्या लिंबाचा पाला बांधला, फांदीवर कापसाच्या चिमण्या. कागदी झेंडूच्या माळांच्या दोऱ्या केल्या आणि त्या झोक्यावर मायलाच बसवलं. मायचा एकच फोटो होता, लग्नानंतर जत्रेत काढलेला. तो कापायला त्यांचा हात धजला नाही म्हणून होता तसा अख्खा फ्रेम केला आणि फ्रेमच झोक्यावर ठेवली. पट्टी मात्र सोनेरी लावली, एवढं भान होतं. मागं भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र बसवलं. लोलक हलला की झोका हलायचा. सकाळी घड्याळाला चावी दिली की माय दिवसभर त्या लिंबाखाली झुलायची.

आणि मायनं त्याच्याकडं बघितलं. मी स्वतः बघितलं म्हणून सांगते. मान वळवून, डोळे रोखून, झोक्याबरोबर तिची बुबुळं इकडून तिकडं जायची. भरवायला बसले तर मला चांगल्या हातानं बाजूला सारायची, मी मध्ये येते म्हणून. अण्णांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. पंचमी झाली, राखी पौर्णिमा झाली, तरी त्यांनी तो झोका काढला नाही. "आता हसंल," म्हणायचे, "आता हसायला आलीच."

चतुर्थीच्या दिवशी गर्दी एवढी की अण्णांना पाणी प्यायला सवड नाही. त्या गडबडीत घड्याळाला चावी द्यायची राहिली. झोका थांबला. आणि दुकानातल्या देवांपुढं रोज लावतात ती उदबत्ती, आत धक्काबुक्कीत विझायला नको म्हणून, अण्णांनी शोकेसच्या फळीवर आणून लावली होती. आता बाहेरून काय दिसत असंल बघा. त्या दुकानाची ती शोकेस, तिच्यात मायचा फोटो, दोन्हीकडून झेंडूच्या माळा, पुढं उदबत्ती. नेम अण्णांचाच. गाव तो नेम पाठ करून बसलं होतं, आणि अण्णाच विसरले होते.

टेंभुर्णीची एक म्हातारी दर्शनाला आल्ती. ती मायला लहानपणापासून ओळखायची. हे मला सगळं नंतर कळलं. ती म्हणे शोकेसपाशी थांबली, पदर डोळ्यांना लावला, समोर गर्दीच्या आड आमचं दार उघडं होतं तरी आत आली नाही. हातात गणपतीचा प्रसाद. प्रसाद घेऊन सुतकाच्या घरात कसं शिरायचं? तशीच पाठ फिरवली आणि बसमध्ये बसली. घरात डोकावली असती तर बाजेवरची माय तिला दिसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायची वेणी घालत होते. गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. मला वाटलं कुणाचा तरी फोटो न्यायला आले असतील. बघते तर पुढं मामा, मागं मामी आणि टेंभुर्णीच्या बायका, मामीच्या हातात माहेरची हिरवी साडी आणि चुडा. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात, ती. माती झाली नसली तर घालता येईल म्हणून आणलेली, आणि झाली असली तर भांडायची तयारी. आमच्या दाराकडं कुणी बघितलंच नाही, सगळे आधी शोकेसकडं. मामानं काचेवर डोकं आपटलं, "अक्काऽऽ, न सांगता गेलीस गं!" अण्णा आतून हातात करवत घेऊन बाहेर आले. मामानं त्यांची गचांडी धरली. "मातीला तरी बोलवायचं होतं! सख्ख्या भावाला कळवलंबी न्हाई! आमी काय मेल्तो का?"

अण्णांना काहीच उमजेना. "कुणाच्या मातीला?" ते विचारत होते, "अहो, कुणाच्या?" बायका खाली बसून ऊर बडवायला लागल्या होत्या. शेवटी भाभी बांगड्यांचं दुकान टाकून मध्ये पडली. "अरे रोते कायकू? जिंदा है वो, जिंदा! पीछे देखो!"

मामा मागं वळला. माय बाजेवर बसलेली, अर्धी वेणी घातलेली, त्याच्याकडं बघत होती. मामाच्या हातून अण्णांची गचांडी सुटली.

आणि माय हसली.

आधी घशात काहीतरी खळखळलं, मग खांदे हलायला लागले, मग एवढ्या मोठ्यानं हसली की दाराशी टिपणारी चिमणी उडाली. हा-हा-हा, श्वास लागेपर्यंत. डोळ्यांतून धारा, पूर्वीसारख्याच. भाभी ओरडली, "अगे, तेरी माँ हसरई!" मामाही हसायला लागला, रडत रडत. मामी हसली, ऊर बडवणाऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, मीही हातात वेणी धरून हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते गल्लीतच मटकन खाली बसले आणि दोन्ही हात जोडून देवळाच्या कळसाकडं बघत राहिले. मयताची साडी माघारी नेत नसतात, म्हणून मामीनं ती मायच्या अंगावर पांघरली. "मरणाची आणली होती, जगण्याची झाली," म्हणाली. माय साडी चांगल्या हातात घट्ट धरून अजून हसली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात दिवाळी होती. माय रोज हसायची. अण्णांनी नवी एस.टी. केली, नवे कांदे, माकडांची शाळा, वरात. दोरा ओढला की हसायची. मग दोरा न ओढता हसायची. दारात कुणी उभं राहिलं की हसायची. तोंड काही सरळ झालं नाही आणि शब्दही फुटला नाही, पण अण्णांना घाई नव्हती. "आधी हसणं, मंग बोलणं," ते सगळ्यांना सांगायचे, जसं काही डॉक्टरनं तसंच लिहून दिलं होतं.

ही गोष्ट गल्लीतून देवळात गेली आणि देवळातून बसनं गावोगाव. राजूरला गेलात तर ती हसणारी बाई बघून या. मेल्याची बातमी आली आणि उठून हसायला लागली, गणपतीचाच चमत्कार. चतुर्थीला देवळातून निघालेली रांग आमच्या दारापर्यंत यायला लागली. बायका मायच्या पायापाशी नारळ ठेवायच्या, खण ठेवायच्या. माय हसली की काम झालं, मुलीचं जमंल, सून नांदंल. कुणी पोरांना उचलून तिच्यापुढं धरायचं. माय हसायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, बायका म्हणायच्या, "आनंदाचं हाय." अण्णा दारात उभे राहून लोकांना सांगायचे, ही कोंबडी बघा, इथून सुरुवात झाली. आयुष्यात या माणसाला एवढं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं.

मला मात्र ते हसू आवडेनासं झालं होतं. कारण सांगता आलं नसतं. एकदा माझ्या हातून कढत चहा तिच्या मांडीवर सांडला. कातडी लाल झाली, आणि माय हसायला लागली. "अगं भाजलं ना तुला? हसती काय?" मी तिच्यावरच खेकसले. तिला थांबता येईना. हसता हसता हात माझ्याकडं करत होती, मी तूप लावत होते आणि ती हा-हा-हा करत होती. मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुझ्या मायचा सोभावच तसा. दुखलं तरी हसणारी." बिलकुल नव्हता तिचा स्वभाव तसा. दुखलं की माय सगळ्या घराला शिव्या घालायची.

एकदा तर शेजारचं तान्हं लेकरू गेलं, बायका मयत उचलताना रडायला लागल्या, आणि आमच्या घरातून मायचं हसू सुरू झालं. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तळहाताखाली ते हसू थरथरत होतं. त्या बायका पुढं कित्येक दिवस आमच्या दाराकडं बघत नव्हत्या.

पौषात टेंभुर्णीची आजी गेली, मायची आई. थकलेलीच होती. दहावा उरकून मामा स्वतः सांगायला आला, नेमका चतुर्थीच्या दिवशी. अण्णा म्हणाले, "नका सांगू. हसून राह्यली, चांगली हाय, कशाला?" मामा म्हणाला, "दाजी, तिची आई हाय. तिला सांगायचं न्हाई तर कुणाला?" तो बाजेवर तिच्या उशाशी बसला. बाहेर दारापाशी नारळ घेतलेल्या बायका उभ्या होत्या. मी त्यांना थोडं थांबा म्हणलं, त्या थांबल्या, पण हटल्या नाहीत.

मामानं मायचा हात हातात घेतला. "अक्का," म्हणाला, "माय गेली आपली."

माय हसायला लागली.

आधीसारखंच, घशातून खळखळ, मग खांदे, मग आभाळाएवढं हसू. मामा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं हात सोडवून घेतला आणि उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. अण्णा घाबरे झाले, बाजेपाशी वाकले. "अगं, समजलं का तुला? तुझी आई गेली. मेली ती. समजून राह्यलं का?"

मायनं चांगल्या हातानं त्यांचा शर्ट धरला. गळ्यापाशी धरला आणि खाली ओढला, एवढा की त्यांचं तोंड तिच्या तोंडाशी आलं. हसू चालूच होतं. त्या हसण्यातून ती काहीतरी बाहेर काढत होती. ओठ जुळायचे आणि परत हसण्यानं फाकायचे. "र," म्हणाली. परत हसली. "रड." अण्णा म्हणाले, "काय? काय म्हणती?" मी जवळ गेले. तिच्या कपाळाची शीर तटतटून फुगली होती.

"रडून राह्यले," माय म्हणाली. "मी रडून राह्यले."

लकवा झाल्यापासूनचं ते तिचं पहिलं बोलणं. आणि त्याच्या मागोमाग परत हसू.

अण्णा तसेच वाकलेले राहिले. त्यांनी विचारलं, "आजच?"

मायनं मान हलवली. नाही.

"मामा आल्ता, साडी घेऊन, तवाबी?"

मायनं मान डोलावली. हो.

"आन् नंतर रोज?"

हो.

अण्णांनी समोर शोकेसकडं बघितलं. तिच्यात त्या आठवड्यात माकडांची शाळा होती, वाऱ्यानं दोरा हलून मास्तर माकडाची छडी वरखाली होत होती. मग ते मायच्या बाजेवर बसले, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि म्हणाले, "मंग रड. रड गं. मी हाय." एवढं म्हणून तेच रडायला लागले, मोठ्यानं, पोरासारखे. मामा भिंतीपासून वळला आणि बहिणीच्या पायावर पडला. माय हसत होती, अण्णांच्या छातीत तोंड खुपसून हसत होती, आतून हुंदका आल्यासारखी तिची पाठ उडत होती आणि बाहेर पडत होतं ते हसूच.

बाहेरच्या बायकांना अण्णांचा आवाज देवळाच्या गलक्यात ऐकू गेला नसंल. त्यांना मायचं ऐकू गेलं. "आज बाई लईच खुशीत हाय," एक म्हणाली, आणि त्याही हसायला लागल्या. एकीनं कडेवरचं पोरगं वर उचलून दारात धरलं, "बघ, बघ, कशी हसती." मी उठले आणि तिच्या तोंडावर दार लावून कडी घातली.

अंधारात माय हसत राहिली. मी तिच्याजवळ बसून रडले, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती.